आंब्याला पाजलेल्या कळशा

मी आंब्याच्या कलमाला पाणी पाजलं. ऐन थंडीत. लपूनछपून, एक दिवसाआड सहा-सहा कळशा, जवळजवळ दोन महिने.

एवढंच सांगून मी गप्प बसते आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघते. माणूस घाटावरचा असला तर पुढे काय म्हणून वाट बघत राहतो. त्याला वाटतं, हे तर पुण्यकर्म झालं, चूक अजून यायची आहे. रत्नागिरीचा असला तर आधी डोळे मोठे करतो, मग कपाळावर हात मारतो आणि विचारतो, "तुम्हाला घरात ठेवलं कसं?"

कसं ठेवलं तेच सांगते.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला कळत नाही असं जगात काही नव्हतं. माहेर कृष्णाकाठचं. आमच्या अंगणाच्या कडेने उसाचा पाट वाहायचा आणि आमच्याकडे कुठल्याही दुखण्यावर पहिलं औषध पाणी. रोप मलूल दिसलं, पाणी. म्हैस आटली, पाणी. दारात पाहुणा आला तर आधी तांब्याभर पाणी, मग कोण कुठला ते विचारायचं. अशी ही शहाणी मुलगी लग्न करून घाट उतरली आणि रत्नागिरीजवळ, मिरजोळ्याच्या अलीकडे, सड्यावरच्या, म्हणजे कातळी माळावरच्या, एका घरात येऊन पडली. तेव्हा तिकडे कारखान्यांच्या शेड नव्हत्या. खाली जांभा दगड, त्यावर हातभर माती आणि त्या मातीत आंबे. पावसाळ्यात उंबऱ्यापर्यंत पाणी, आणि दसरा झाला की सगळं असं कोरडं की पाय ठेवला तर माती कुरकुरायची. विहिरीला पाणी होतं, पण दिवाळीनंतर कुणी आंब्यांना घालताना दिसेना. मी मनात म्हटलं, किती आळशी माणसं ही!

घरात आम्ही तिघं. नवरा मुंबईला नोकरीला. तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा. एरवी त्याची पत्रं यायची आणि त्यातही निम्मा मजकूर 'कौलं शाकारून घ्या' असा असायचा. मामंजी, म्हणजे माझे सासरे, उतारावरच्या तीस-पस्तीस कलमांशी दिवसभर बोलायचे. "काय रे, बरा आहेस ना?" "तुला यंदा ही फांदी जड झाली हो." घरी येईपर्यंत त्यांच्याकडचे शब्द संपलेले असायचे. आम्हा दोघींच्या वाट्याला फक्त 'हूं' यायचं. हूं म्हणजे हो, हूं म्हणजे नको आणि हूं म्हणजे आणखी वाढा. सासूबाईंना त्यातला फरक कळायचा. मी अंदाजाने भात वाढायची.

सासूबाई बोलायच्या, पण मीठ घालावं तेवढंच. मी या घरात आले त्याच्या तिसऱ्या दिवशी कोठीच्या खोलीत तोंड लपवून रडत होते, तर त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता जवळ घेतील. त्या म्हणाल्या, "रडून झालं की एवढे तांदूळ निवड गो." सूप खाली ठेवलं आणि गेल्या. मी त्याच दिवशी मनात ठरवून टाकलं की या बाईचं काळीज जांभ्याचं आहे. त्यानंतर मी रडायची ती चुलीपुढे. कुणी विचारलंच तर धूर होता. कुणी विचारलं नाही.

मागीलदारी न्हाणीघर, त्याला लागून केळी, आणि केळींच्या पलीकडे ते कलम. एकटंच. बाकीची सगळी मामंजींची, हे मात्र सासूबाईंचं. त्याची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, फणसाचे गरे काढता काढता. त्यांचं माहेर खाडीपलीकडचं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात वडिलांनी आपल्या दारातल्या आंब्याची काडी घेऊन कलम बांधून दिलं, ते त्या होडीतून मांडीवर धरून घेऊन आल्या. पुढे वडील गेले. भाऊ मुंबईला गेले ते तिकडचेच झाले. घर विकलं, आणि ज्याने घेतलं त्याने दारातलं झाड तोडलं. "म्हणजे माझं माहेर आता एवढंच, मागीलदारी," त्या म्हणाल्या आणि तेलाचा हात पुसून पुढचा गरा काढायला घेतला. मला तेव्हा माझ्याच माहेराची एवढी आठवण येत होती की दुसऱ्याच्या माहेराला मनात जागा नव्हती.

तीन वर्षं त्या कलमाला मोहोर आला नव्हता. मामंजींना त्या जागी गोठा वाढवायचा होता.

आता आमच्या घरची रीत सांगते. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायची. कोयती, कुऱ्हाड, पहार, विळे, अगदी स्वयंपाकघरातली विळीसुद्धा. त्यांना गंधफूल वाहायचं. आणि एखादं झाड फळत नसेल तर त्याच पूजेच्या कोयतीने त्याला दम भरायचा. एकाने झाड तोडायला निघायचं, दुसऱ्याने झाडाच्या वतीने आडवं यायचं. मी हे ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. मी मॅट्रिक झालेली. पदराचा बोळा तोंडात कोंबून केळींच्या आड उभी राहिले.

मामंजींनी कोयती उचलली. "तोडतो हे कलम. काय कामाचं?"

"नको, नको," सासूबाई पुढे झाल्या. "येत्या साली देईल."

"जामीन कोण?"

"मी."

इथे खरं तर कोयतीचा मागचा भाग खोडाला तीनदा मारायचा आणि घरात येऊन जेवायचं. पण मामंजी थांबले. "तू दोनदा राहिलीस जामीन. दोन्ही वेळा खोटी पडलीस. आता तुझा चालत नाय."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते तोवरचं सगळ्यात लांब बोलणं. आणि ते गमतीतलं नव्हतं. सासूबाईंचा हात खोडावर होता. तो त्यांनी काढला नाही, नुसती बोटं मिटून घेतल्यासारखी केली. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि तोंडातला बोळा काढला.

"मी राहते जामीन," मी म्हटलं.

दोघंही वळून बघायला लागले. मामंजी म्हणाले, "तुला झाडातलं काय कळतं?"

"सगळं," मी म्हटलं.

त्या मुलीला आज कुठे गाठता आलं तर मी तिचा कान धरीन.

मामंजींनी खोडावर तीन ठोके मारले. "यंदा मोहोर नाय आला तर शिमग्याच्या आत आडवं करीन. हे रीतीचं नाय, खरं सांगतोय." त्या दिवशी जेवताना सासूबाईंनी न विचारता माझ्या पानात दुसऱ्यांदा खीर वाढली. मी ती खाल्ली आणि ठरवलं, हे झाड मी वाचवणार. कसं ते तर उघडच होतं. दुपारच्या उन्हात त्याची पानं मलूल दिसायची, बुंध्यापाशी मातीला भेगा होत्या. तहानलेलं झाड फुलणार कसं? एवढी साधी गोष्ट या लोकांच्या डोक्यात येत नाही, म्हणजे कमालच.

दिवाळी झाली आणि मी कामाला लागले. दुपारी जेवणं आटोपली की मामंजी ओटीवर आणि सासूबाई माजघरात तास-दीड तास झोपायच्या. तेवढ्यात विहिरीवरून सहा कळशा. अडचण एकच, रहाट. तो असा किंचाळायचा की समोरच्या घरातही कळावं, पाणी काढतायत. मी त्याच्या कण्याला वाटीभर खोबरेल तेल पाजलं. दुसऱ्या दिवशी मामंजी विहिरीवर गेले, रहाट लोण्यासारखा फिरला. त्यांनी विचारलं, "तेल कुणी घातलं?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "गुणी हो." माझ्या सासरच्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक, आणि तेही चोरीच्या सामानाचं.

नुसत्या पाण्यावर मी थांबले असते तरी ठीक होतं. मी शेण कालवून घालायला लागले. बुंध्याभोवती गोल आळं केलं, जसं आमच्याकडे लिंबाला करतात, आणि वर सुक्या पानांनी झाकलं. मग खोडाला टेकून बसून त्याला सगळं सांगायची: आईचं पत्र आलं का नाही, इथे मासे कसे साफ करायला लावतात, आणि काळीज जांभ्याचं असलं की माणूस कसं वागतं. झाड ऐकून घ्यायचं. त्याची पानं पुन्हा ताठ झाली, टवटवीत झाली. मला वाटलं, बोलतंय माझ्याशी.

मार्गशीर्ष संपता संपता एका सकाळी मी मागीलदारी गेले आणि वर पाहिलं. शेंड्याशेंड्याला कोवळं, तांबूस, लवलवतं फुटलं होतं. सगळं झाड नवी साडी नेसल्यासारखं. मी धावत आत गेले, हळदकुंकवाचा करंडा आणला, खोडाला हळदकुंकू लावलं आणि ओरडले, "आई! अहो आई! आधी बाहेर या!"

सासूबाई हात पुसत आल्या. वर पाहिलं. आणि धुण्याच्या दगडावर खाली बसल्या.

"बघा तरी," मी म्हटलं, "एक शेंडा सुटला नाही! सगळीकडे फुटलंय!"

"अगो," त्या म्हणाल्या, "ही पालवी."

"हो ना!"

"अगो, शेंड्याला पालवी आली. आता मोहोर कुठून यायचा?"

त्यांचा आवाज इतका हळू होता की मला तो रागापेक्षा वाईट वाटला. मग त्यांनी मला सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. पाऊस गेला की आंब्याला तहान काढू द्यायची असते, पाण्याशिवाय ठेवायचं. माती वाळली की झाड वाढायचं थांबतं, पानं जून होतात, सगळं बळ आत धरून ठेवतं. वरून थंडी पडली की तेच बळ मोहोर होऊन बाहेर येतं. पाणी मिळालं तर झाडाला वाटतं, पाऊस अजून चालूच आहे, आणखी पानं काढावीत. एकदा पालवीला लागलं की ते वर्ष गेलं.

मी हातातला करंडा पाठीमागे लपवला. का, ते मला अजून कळलेलं नाही.

माझी नात शेतकीच्या कॉलेजात शिकते. तिने मला परवा तेच सगळं मोठमोठ्या शब्दांत सांगितलं. त्याला ते ताण देणं म्हणतात आणि त्याच्यावर त्यांना परीक्षेत प्रश्न येतो. मी म्हटलं, तुझ्या पणजीने मला हे धुण्याच्या दगडावर बसून शिकवलं, आणि तेव्हा मी साफ नापास झाले होते. नात म्हणाली, हल्ली तर आजी, दिवाळीनंतरही पाऊस पडतो, मोहोराच्या वेळी पालवी फुटते, बागवाले हैराण आहेत. मी वर आभाळाकडे बघून म्हटलं, तूसुद्धा माझ्यासारखाच निघालास की रे.

असो. त्या सकाळी मामंजी आले. त्यांनी वर पाहिलं, खोडावरचं हळदकुंकू पाहिलं आणि म्हणाले, "हूं." त्या एका हूंचा अर्थ मात्र मला कुणी सांगावा लागला नाही.

"सोमवारी करवतीवाले येतील," ते म्हणाले आणि वळले. वळताना त्यांचा पाय सुक्या पानांवर पडला आणि घोट्यापर्यंत आत गेला. ते वाकले. पानं बाजूला केली. मूठभर माती उचलून बोटांत दाबली, तर तिचा गोळा झाला. आळ्याच्या काठाने कळशीच्या बुडाचे गोल गोल ठसे उठले होते, शिक्के मारल्यासारखे.

"इथे ओल कशी?"

मी सासूबाईंकडे पाहिलं आणि मला दिसलं की त्यांना कळलं आहे. आत्ताच, त्याच क्षणी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी घातलं पाणी."

"तू?" मामंजी म्हणाले. "बागवाल्याची मुलगी तू. बागवाल्याच्या घरात दिलेली. तू मार्गशीर्षात आंब्याला पाणी घातलंस?"

"घातलं."

इथे मला सांगायला आवडलं असतं की मी ताबडतोब पुढे झाले. मी झाले नाही. दोन श्वास मी गप्प उभी राहिले आणि त्या दोन श्वासांत माझ्या मनात आलं, बरं झालं, वाचले. माणूस स्वतःबद्दल काय काय लक्षात ठेवतं बघा. मग मला त्यांचा हात दिसला. खोडावर होता, खंडेनवमीला होता तसाच.

"त्यांनी नाही, मी घातलं," मी म्हटलं. "सहा कळशा. एक दिवसाआड. दिवाळीपासून."

मामंजी माझ्याकडे वळले. "शेण?"

"शेणपण."

"रहाटाला तेल याच्यासाठी?"

"हो."

"आणि मी तुला गुणी म्हटलं!"

ते धुण्याच्या दगडावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, वाटलं, म्हाताऱ्याला रडवलं आपण. पण ते हसत होते. आवाज न करता, गदगदून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सासूबाई त्यांच्याकडे अशा बघत होत्या, जणू घरात कुणी परका येऊन बसला आहे.

हसून झाल्यावर ते उठले आणि एक कोवळं पान तोडून बोटांत चुरगळून हुंगलं. "तीन वर्षं मला वाटत होतं, हे आतून संपलं," ते म्हणाले. "संपलेलं झाड एवढी पालवी काढत नाय." मग सासूबाईंकडे न बघता, झाडाशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "तुझं माहेर धडधाकट आहे हो."

सोमवारी करवतीवाले आले नाहीत. एक वर्ष मिळालं, पण शेवटचं, आणि त्याला अट होती: दसऱ्यापासून कैरी वाटाण्याएवढी होईपर्यंत त्या कलमापाशी पाण्याचा थेंब पडता कामा नये, आणि राखणीला मी.

मी राखण अशी केली की घरातली माणसं वैतागली. पुढचा दसरा झाला आणि मी मागीलदारी कुणाला तांब्या घेऊन फिरकू देईना. धुणं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. एकदा मामंजी जेवून चूळ भरायला केळींकडे निघाले, तर मी हात पसरून आडवी उभी राहिले.

"इथे नाही, मामंजी."

"अगो, चूळ आहे ती! नदी नाय!"

"थेंब पडता कामा नये, तुम्हीच म्हणालात."

ते पुटपुटत मागे फिरले. मी विजयी मुद्रेने केळींच्या पलीकडे पाऊल टाकलं आणि माझा पाय चिखलात गेला.

तिथे चिखल कसा? मी तर सगळ्यांना हाकलत होते. मी खाली बसून बघायला लागले. न्हाणीघराच्या मोरीचं पाणी केळींत सोडलेलं होतं, आणि केळी ते पिऊन टाकतात असं सगळे धरून चालले होते. केळी पीत होत्याच. पण उरलेलं पाणी त्यांच्या मुळांखालून, जांभ्याच्या एका फटीतून, गुपचूप कलमाच्या बुंध्याकडे चाललं होतं; वरच्या मातीला भेगा आणि खाली ओल. तिघांच्या रोजच्या आंघोळी.

मी मामंजींना हाक मारली. त्यांना फट दाखवली. मग विचारलं, "हे न्हाणीघर कधी बांधलंत?"

"झाली चार वर्षं."

"आणि याला मोहोर कधीपासून नाही?"

त्यांनी फटीकडे पाहिलं, मग न्हाणीघराकडे. मागच्या दारात सासूबाई उभ्या होत्या, त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. मी तो बोळा ओळखला.

"हूं," मामंजी म्हणाले, आणि आत जाऊन कुदळ घेऊन आले. संध्याकाळपर्यंत त्यांनी मोरीचं पाणी वळवून माडांच्या आळ्यात नेऊन सोडलं. म्हणजे खरं पाहता, गेल्या वर्षी मी एकही कळशी घातली नसती तरी मोहोर यायचा नव्हता, पालवीही एवढी उठून दिसली नसती, आणि ते झाड शिमग्याच्या आत पडलं असतं. पण हे मी तेव्हा मोठ्याने म्हटलं नाही. सूनबाई एवढ्यापुरती तरी सुधारली होती.

मग खरी परीक्षा सुरू झाली. कलम वाळायला लागलं. पानं गर्द, जाड झाली, हाताला चामड्यासारखी लागायची. दुपारी त्यांच्या कडा आत वळायच्या, मूठ मिटल्यासारख्या. मला ते बघवेना. भरलेली कळशी कमरेवर घेऊन विहिरीवरून येताना पाय आपसूक तिकडे वळायचे. एकदा मी तशीच उभी होते तर सासूबाई मागून म्हणाल्या, "बघू नको. बघितलं की हात वळतो."

"जीव जाईल हो त्याचा."

"नाय जात. ते खाली मुळं पाठवतंय."

त्याच दिवसांत माझ्या आईचं पत्र आलं. आजारी होते, आता बरी आहे, काळजी करू नकोस, येणं जमणार नाही हे ठाऊक आहे, असं. मी ते वाचून घडी घालून चोळीत ठेवलं आणि पहाटे चुलीपुढे जाऊन बसले. लग्नाला दीड वर्ष होत आलं होतं आणि मी माहेरी गेले होते एकदा, पहिल्या दिवाळीला, चार दिवस. सासूबाई दूध घ्यायला आत आल्या, माझ्याकडे पाहिलं, दूध घेतलं आणि गेल्या. मी म्हटलं, जांभा तो जांभाच.

पौषात उत्तरेचा वारा सुटला. पहाटे दोन गोधड्या घेतल्या तरी पाय गार. एका सकाळी मी मागीलदारी तोंड धुवायला (लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला!) जात होते तर एक वेगळाच वास आला. कडू-गोड, जरा धुळीसारखा, जरा मधासारखा. मी वर पाहिलं नाही. गेल्या वर्षी वर बघून काय झालं होतं ते आठवत होतं. मी आत जाऊन म्हटलं, "आई, तुम्ही बघून या. मला यातलं काही कळत नाही."

त्या गेल्या. बराच वेळ झाला तरी आल्या नाहीत, म्हणून मी मागच्या दारात गेले. त्या कलमाखाली उभ्या होत्या, मान वर करून. शेंड्याशेंड्याला फिकट पिवळे-गुलाबी तुरे होते, पान दिसू नये इतके. त्यांच्या पांढऱ्या केसांवर बारीक फुलं पडत होती आणि त्या ती झटकत नव्हत्या. ओठ हलत होते. कुणाशी बोलत होत्या, वडिलांशी की झाडाशी, मी विचारलं नाही. मी आत आले आणि सांगितलं नव्हतं तरी तांदूळ निवडायला घेतले.

पुढचं सगळं आंब्यांच्या घरात होतं तसंच झालं. काही मोहोर गळला, काही कैऱ्या वाऱ्याने पडल्या, उरलेल्या वाढल्या. वैशाखात मामंजींनी स्वतः चढून जाळी बांधलेल्या काठीने, झेल्याने, एकेक फळ उतरवलं. सासूबाईंनी माजघरात गवतावर अढी घातली आणि रोज सकाळी फळं हाताने चाचपून बघायला लागल्या. मीही वाट बघत होते. पाच वर्षांनी आलेलं त्यांच्या माहेरचं फळ त्या कापतील आणि पहिली फोड खाताना त्यांचा चेहरा कसा होईल, ते मला बघायचं होतं. मी जामीन होते ना.

ज्या दिवशी माजघरात वास मावेना, त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. मी गेले तर त्या जमिनीवर बसून एका लाकडी पेटीत गवत पसरत होत्या. एक थर गवत, एक थर आंबे, देठ वर. सगळ्यात चांगली फळं. मी विचारलं, "कुणाला पाठवायचे?"

"तुझ्या आईला. उद्याच्या एसटीने तू जायचंस. महिनाभर रहा."

मी म्हटलं, "अहो, पण तुमच्या माहेरचा आंबा. आधी एक तुम्ही तरी खा."

"खाईन की. आहेत चार ठेवलेले." त्या पेटीला सुतळी बांधत होत्या. गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. माझ्याकडे न बघता, त्या सुतळीकडे बघतच म्हणाल्या:

"धूर गेला डोळ्यांत असं तू दाखवायचीस ना, तेव्हा चूल पेटलेली नसायची. दिसायचं गो मला. वाटायचं, जरा तहान काढू दे, रुजेल आपोआप. आंब्याचं मला कळतं. तुझं नाय कळलं. तुला पाणी घालायला हवं होतं मी."